हरवायला माणूस पाहिजे

पोलीस चौकीच्या दारावर पाटी लागली होती, ‘हरवायला माणूस पाहिजे. वयाची अट नाही. चहा दिला जाईल.’ ती वाचून माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल, तर आमच्या घरी एक आहे, न्या, आणि परत आणायची घाई करू नका.

एक म्हणजे आमचे हे. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढण्यात गेला. समोरच्याला बारीकात बारीक अक्षर वाचायला लावायचं आणि त्याचं चुकलं की नुसतं ‘हं’ म्हणायचं, ही दुकानातली सवय ते घरी घेऊन आले. मी शाळेत कवायतीची बाई होते. माझ्या शिट्टीला अख्खं मैदान टरकायचं, एक हा माणूस सोडून.

आमच्या शहरातल्या पोलिसांनी लोकांसाठी काय काय सुरू केलंय ते ऐकाल तर चोर पकडायला यांना वेळ कधी मिळतो असा प्रश्न पडेल. तुम्ही गावाला गेलात तर तुमच्या घराचं कुलूप येऊन ओढून बघतात. सायकलीवर नंबर कोरून देतात. फोनवरून लुबाडणाऱ्या भामट्यांना कसं ओळखायचं त्याचा वर्ग घेतात. त्या वर्गात मी पहिली आले, कारण खोटं बोलणाऱ्या पोरांमध्ये माझी हयात गेली आहे. आणि एक आहे ‘साठीनंतर स्टिअरिंग’. पोलिसांची पांढरी गाडी, शेजारी मिशीवाला हवालदार, त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक, आणि चालवणारे आपण. उत्साहाच्या भरात मी तिथंही नाव घातलं. शिकले, परीक्षेला बसले आणि गाडी मागे घेताना पोलिसांच्याच खांबावर नेऊन घातली.

बरं, झालं ते झालं. पण शेजाऱ्यांकडे जेवायला गेलो असताना यांनी ती गोष्ट सगळ्यांना सांगितली, आणि वर म्हणाले, ‘हिला येताना बघून त्या खांबाने बाजूला व्हायला हवं होतं. पण पडला सरकारी, जागचा हलणार कसा?’ लोक पोट धरून हसले. विनोद चांगला होता, ते मी नाकारत नाही. दुसऱ्या कुणाच्या बायकोवर असता तर मीच सगळ्यांत मोठ्याने हसले असते.

घरी आल्यावर मी म्हटलं, ज्याने जन्मात गाडीचं चाक हातात धरलं नाही त्याने दुसऱ्याच्या खांबाबद्दल बोलू नये. त्यावर ते म्हणाले, ‘हं.’ त्या ‘हं’नंतर आमचा अबोला सुरू झाला.

अबोला म्हणजे काय, तर ते गादी उचलून बाहेरच्या खोलीत गेले आणि आम्ही एकमेकांऐवजी वस्तूंशी बोलायला लागलो. मी शेगडीला सांगायचे, कुणाला चहा हवा असेल तर तो झाला आहे. ते फ्रिजला सांगायचे, कुणाची तरी गोळी घ्यायची राहिली आहे म्हणे. दोघांपैकी कुणी एक पाऊल मागे घ्यायला तयार नाही. मागे घेण्यात मी तशीही कच्चीच. दिवसांमागून दिवस गेले. घरातल्या वस्तूंना आमच्या संसाराची इतकी माहिती झाली, की त्यांनी तोंड उघडलं असतं तर दोघांना पळता भुई थोडी झाली असती.

आता एक गोष्ट सांगून टाकते, कारण पुढचं रामायण तिच्यावरून घडलं. ते बाहेरच्या खोलीत गेले त्या दिवसापासून मला झोप येईना. पलंग एवढा मोठा झाला की मी त्यात कडेकडेने फिरायचे. एकदा कपाट लावताना त्यांचा तपकिरी स्वेटर हाताला लागला. कोपर विरलेला, साबणाचा, घामाचा आणि चष्म्याच्या काचा पुसायच्या पाण्याचा वास असलेला. मी तो घडी करून माझ्या उशीच्या अभ्र्यात सारला आणि त्यावर डोकं ठेवलं. मेल्यासारखी झोपले. मग ते रोजचंच झालं. बिचारे घरभर स्वेटर शोधत हिंडायचे, फ्रिजला विचारायचे, आणि मी शेगडीला सांगायचे, ज्याची वस्तू त्याने सांभाळावी. मला लाज वाटायची का? वाटायची. झोप मात्र गाढ लागायची.

अशात एके दिवशी माझी भाची आली. ही माझ्या बहिणीची मुलगी, पोलिसांच्या श्वानपथकात आहे. आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. तिच्या हाताखाली ढब्बू नावाचा कुत्रा. लांब कानांचा, गालफडं लोंबणारा, हरवलेली माणसं वासावरून शोधण्याचं शिक्षण घेतलेला. विसरभोळे झालेले आजीआजोबा घरातून निघून जातात, पोरं बाजारात सुटतात, त्यांना हुडकायचं त्याचं काम. पण ढब्बू परीक्षेत दोनदा आपटला होता. पहिल्या वेळी निम्म्या वाटेवर ओल्या गवतात लोळायला गेला. दुसऱ्या वेळी माणूस बरोबर शोधला, पण भुंकून वर्दी द्यायच्या ऐवजी त्याच्या पायांवर डोकं ठेवून झोपला. आता तिसरी आणि शेवटची संधी होती. यात गेला तर ढब्बू पथकातून बाहेर. कुठल्या तरी गोदामावर राखणीला बांधतील, आणि भाचीला टेबलापाशी बसवतील.

‘मावशी, त्याला नाक आहे गं,’ ती म्हणाली. ‘फक्त लक्ष नाही. आणि बांधून ठेवलं तर तो जगायचा नाही.’

त्या पाटीवरून जो माणूस हरवायला मिळाला होता तो तापाने अंथरुणाला खिळला होता. ढब्बूने कधी न पाहिलेलं कुणीतरी ताबडतोब हवं होतं. भाचीने वर पाहिलं. मी पदर खोचला, म्हणजे खरं तर सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, आणि म्हटलं, तुझी मावशी लहानपणी लपायला गेली की आईला जेवणं उरकल्यावर सापडायची, माझ्यासारखं हरवणारं कुणी नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती काचेची बरणी आणि लांब चिमटा घेऊन हजर झाली. हरवलेल्या माणसाच्या वासाची वस्तू लागते, आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. उशीचा अभ्रा सगळ्यांत उत्तम, म्हणाली. मी तिच्या आधी आत धावले, अभ्र्यातून स्वेटर ओढून काढला आणि गादीखाली कोंबला. भाचीने चिमट्याने अभ्रा उचलला, बरणीत सोडला, आणि झाकण लावता लावता विचारलं, ‘मावशी, याला दुसऱ्या कुणाचा वास नाही ना? नक्की सांग. आमच्या परीक्षक मॅडम फार कडक आहेत.’

इथंच मी खरं सांगायला हवं होतं. पण नेमके तेव्हा हे पाण्याचा पेला घेऊन दाराबाहेर उभे. कान आमच्याकडे, तोंड भिंतीकडे. त्यांच्या देखत मी काय सांगणार? मी सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, या उशीला गेल्या कित्येक दिवसांत दुसऱ्या कुणाचा वाराही लागलेला नाही. बाहेर पेला जरा जोरात टेबलावर ठेवला गेला. मला बरं वाटलं. शिवाय मनात म्हटलं, स्वेटर आत होता, डोकं तर बाहेरून माझंच होतं. कुत्र्याला तेवढं कळेलच की.

मला न्यायला एक तरुण शिपाई आला. आम्ही घरापासून चालत निघालो. बँकेवरून, शाळेच्या कुंपणावरून, कारंज्याच्या चौकात. चौकातल्या फर्निचरच्या दुकानात वरच्या मजल्यावर, खिडकीशी मांडलेल्या दोन माणसांच्या पलंगावर त्याने मला झोपवलं, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि बजावलं की कुत्रा येऊन भुंकेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही, खूण करायची नाही. मग तो निघून गेला. दुकानदाराला आधीच सांगून ठेवलं होतं, तरी तो दर थोड्या वेळाने येऊन माझ्या पायांतल्या चपलांकडे बघायचा. शेवटी मी त्या काढल्या.

एवढ्यात एक नवं जोडपं आलं. त्यांना तोच पलंग हवा. मुलीने मला विचारलं की काकू, गादी फार मऊ तर नाही ना. आता हरवलेल्या माणसाने बोलायचं नसतं. मी नुसता अंगठा वर केला. मुलाने विचारलं, दोघांना पुरेल ना. मी पुन्हा अंगठा वर केला, आणि कुणास ठाऊक का, डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी बघून मुलगी विरघळली आणि त्यांनी पलंग घेतलाच. तेव्हापासून दुकानदाराची नजर बदलली. माझ्या उशाशी त्याने कॉफी आणून ठेवली. ती मात्र मी प्यायले, पिणं म्हणजे बोलणं नव्हे.

खिडकीतून सगळा चौक दिसत होता. कारंजं, बाकं, फुलवाल्या बाईच्या बादल्या, कोपऱ्यावरचं सलून. कारंज्याशेजारी ती पांढरी गाडी उभी होती, ‘साठीनंतर स्टिअरिंग’वाली. तिला बघून माझं तोंड कडू झालं आणि मी नजर वळवली. आतमध्ये आज कुणाची वरात निघालीय ते बघायची मला मुळीच इच्छा नव्हती.

मग शाळेच्या बाजूने ढब्बू आला. काय सांगू, मी त्याच्या प्रेमातच पडले. नाक जमिनीला, कान दोन्हीकडून रस्ता झाडत, शेपूट ताठ. पट्टा हातात धरून भाची मागे, जवळजवळ फरपटतच. तिच्यामागे उंच, सडपातळ परीक्षक मॅडम, हात पाठीशी बांधून. ढब्बूने फुलवालीकडे पाहिलं नाही. पाण्यात खेळणाऱ्या पोरांकडे पाहिलं नाही. थेट आमच्या दुकानाच्या दारापाशी आला आणि थांबला. मी पांघरुणात मुठी आवळल्या. ये रे राजा, म्हटलं, ये वर. त्याने मान वर केली, हवा हुंगली, जरा घोटाळला. आणि गर्रकन वळून कारंज्याकडे निघाला.

गाडीपाशी जाऊन त्याने पुढचे दोन्ही पाय दारावर टाकले आणि असा खणखणीत भुंकला, की अख्खा चौक वळून बघायला लागला. गाडीची काच हळूहळू खाली गेली. आत चाकाला दोन्ही हातांनी घट्ट धरून, पट्टा बांधून, घामाघूम होऊन बसलेले आमचे हे.

मी पलंगावरून कशी उठले, जिना कसा उतरले, मला आठवत नाही. चपला वरच राहिल्या. चौकात पोचले तेव्हा माणसांचं कोंडाळं झालं होतं. ढब्बू खूश होता. मला शाबासकी द्या असं तोंड करून एकेकाकडे बघत होता. भाचीच्या चेहऱ्यावर मात्र रक्ताचा थेंब नव्हता. परीक्षक मॅडम तिला शांतपणे सांगत होत्या, की बाई शोधायला सांगितली होती आणि याने भलत्याच गृहस्थांना पकडलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण नियम म्हणजे नियम. भाची खाली बसली आणि तिने ढब्बूच्या गळ्यात हात टाकला. त्याने तिचा कान चाटला.

हे सगळं मी बघत उभी होते. खरं काय ते मला एकटीलाच माहीत होतं. कुत्रा बरोबर होता. खोटी मी होते. बोलले तर भर चौकात, फुलवालीसमोर, मिशीवाल्या हवालदारासमोर, आणि ज्या माणसाशी मी शेगडीतर्फे बोलते त्या माणसासमोर माझी अब्रू जाणार. नाही बोलले तर त्या लांब कानांच्या जिवाला गोदामाच्या दाराशी साखळी. कवायतीच्या तासाला मी पोरांना सांगायचे, चूक झाली असेल तर एक पाऊल पुढे या. माझं पाऊल निघता निघेना.

मग ते निघालं.

‘मॅडम,’ मी म्हटलं, ‘कुत्रा चुकलेला नाही. त्या अभ्र्याला यांचाच वास आहे.’

परीक्षक मॅडमनी भुवया उंचावल्या. ‘तुमचे कोण हे?’

‘नवरा.’

‘पण तुम्ही तर सांगितलं होतं की त्या उशीला दुसऱ्या कुणाचा स्पर्श नाही. तुम्ही वेगळ्या खोलीत झोपता, असंही कळलं मला.’ हे कुठून कळलं म्हणून मी भाचीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

‘झोपतो वेगळेच.’

‘मग वास कसा लागला?’

अख्ख्या चौकाने कान टवकारले. कारंजंसुद्धा हळू पडतंय की काय असं मला वाटलं. मी गाडीकडे बघायचं टाळलं आणि मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जावं अशा माझ्या जुन्या आवाजात सांगून टाकलं.

‘यांचा स्वेटर मी उशीच्या अभ्र्यात घालून झोपते. रोज. त्याशिवाय मला झोप लागत नाही.’

कुणीतरी खुदकन हसलं. फुलवालीने तोंडाला रुमाल लावला. माझे कान इतके तापले की त्यांवर चहा झाला असता. गाडीच्या आतून काहीच आवाज आला नाही. ‘हं’सुद्धा नाही.

परीक्षक मॅडमचा चेहरा जराही हलला नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, की एका कपड्याला दोघांचा वास असेल तर त्यालाही रीत आहे. जो सापडला त्याला कुत्र्यासमोर उभं करायचं, तो पुरता हुंगू द्यायचा, मग कपडा पुन्हा दाखवायचा. शिकलेला कुत्रा वजाबाकी करतो. हा मिळाला, मग राहिला कोण, असं त्याला कळतं आणि तो दुसऱ्याच्या मागे निघतो. कळलं तर पास, नाही कळलं तर माझा निरोप घ्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘तुम्ही पुन्हा हरवा. चौकाच्या बाहेर जायचं नाही. आणि भाची आहे म्हणून सोप्या जागी लपायचं नाही, मी बघणार आहे.’

मला सोप्या जागी लपता येत असतं तर काय हवं होतं. ढब्बूला गाडीमागे नेलं आणि मी अनवाणी पळत सुटले. कितीतरी वर्षांनी पळत होते. गुडघे कुरकुरत होते, केस सुटले होते, आणि मला हसू आवरत नव्हतं. सगळं सांगून झालं होतं. आता लपवायला माझ्याजवळ मी सोडून काही उरलं नव्हतं. फुलवालीच्या बादल्यांमधून गेले, म्हणजे वास मिसळेल. कारंज्याच्या कडेने पाय भिजवत गेले. मग मागच्या गल्लीतून वळसा घालून सलूनमध्ये शिरले आणि रिकाम्या खुर्चीत बसले. सलूनवाला हुशार निघाला. एक शब्द न विचारता त्याने माझ्या गळ्याभोवती चादर बांधली, तोंडावर गरम टॉवेल टाकला, आणि वर साबणाच्या फेसाचा ब्रश फिरवला. आता मला माझ्या बहिणीनेही ओळखलं नसतं.

टॉवेलखाली अंधार होता. मी फार चांगली लपले, असं वाटून मला घाम फुटला. मूर्खासारखी जिंकायला निघाले की काय? फूल, पाणी, साबण. एवढ्यातून त्याने वजाबाकी कशी करायची? टॉवेल काढून दारात जाऊन उभं राहावं, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा मॅडमची नजर आठवून मी खुर्चीचे हात धरून बसले.

दार वाजलं. फरशीवर नखांचा टकटक आवाज आला. तो आधी दुसऱ्या खुर्चीकडे गेला, तिथल्या गिऱ्हाइकाने पाय वर घेतले. मग माझ्या चादरीखाली काहीतरी ओलं, थंड आणि मोठं शिरलं आणि माझ्या मांडीवर डोकं टेकलं. भुंक, मी मनातल्या मनात म्हटलं. झोपू नकोस बाबा, तुझ्या पाया पडते, भुंक.

आणि तो भुंकला. माझ्या मांडीवर डोकं ठेवून, चादरीच्या आतून, अशा आवाजात की आरशासमोरच्या बाटल्या थरथरल्या.

पुढचं सगळं एकदम झालं. भाची रडत होती, हसत होती, ढब्बूला आणि मला एकाच मिठीत कोंबत होती. सगळ्यांच्या तोंडाला फेस लागला. परीक्षक मॅडम दारात उभ्या राहून ‘पास’ एवढंच म्हणाल्या, आणि मग खिशातून रुमाल काढून खूप वेळ नाक पुसत राहिल्या. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. ढब्बूला वाटलं टाळ्या जेवणासाठी आहेत, म्हणून त्याने सलूनवाल्याचा ब्रश चाटून बघितला.

भाची त्याला घेऊन बाहेर गेली, लोकही पांगले. मी तोंड पुसत आरशात बघितलं तर शेजारच्या खुर्चीत हे येऊन बसले होते. इतके दिवस मी त्यांना सरळ बघितलं नव्हतं. वाळले होते. गालावर दाढीचे खुंट होते, आणि कपाळावर एक टेंगूळ.

‘हे काय लागलं?’ मी आरशाला विचारलं.

त्यांनी आरशातल्या माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून, आरसाबिरसा सोडून, थेट माझ्याकडे पाहिलं.

‘खांब,’ ते म्हणाले. ‘गाडी मागे घेत होतो. म्हटलं, तुला काय अवघड गेलं ते बघावं. फार अवघड आहे गं. मी तीनदा धडकलो. हवालदार म्हणतो, तुमची मंडळी निदान एकदाच धडकली होती.’

मी त्यांच्या टेंगळावर बोट ठेवलं. ते ‘हं’ म्हणाले नाहीत, ‘आई गं’ म्हणाले. मला हसू फुटलं, मग त्यांना फुटलं, आणि दोघं साठी उलटलेली माणसं न्हाव्याच्या खुर्च्यांवर गदागदा हसत बसलो. सलूनवाल्याने आमच्याकडे पाठ करून कंगवे मोजायला घेतले.

हसू ओसरल्यावर ते डोळे पुसत म्हणाले, की त्या कुत्र्याने घरापासून माग काढत त्यांना गाठलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांना भीतीच वाटली होती. परीक्षाबिरीक्षा डोक्यातून गेली, पोलीस आले म्हणजे तुलाच काहीतरी झालं असं वाटलं. मग कळलं की तो शोधतोय तुला आणि सापडलो मी.

‘हे मी करायला हवं होतं,’ ते म्हणाले. ‘एवढ्याशा घरात रोज तू दिसायचीस आणि मी फ्रिजशी बोलत बसलो.’

मी त्यांच्या सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात गेली होती ती काढून नीट लावली.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, आणि मग भिंतीकडे तोंड करून डोळ्यांवर दोन्ही हात ठेवले.

‘जा,’ ते म्हणाले. ‘लप. या खेपेला राज्य माझ्यावर. आणि सोप्या जागी लप गं, मला नाक नाही.’

मी चादर भिरकावली आणि पळाले.